नडगीतली सळई

बापामागे पोरीच्या वाट्याला काय येणार होतं? एक सायकल, रंगाचे ब्रश आणि उजव्या नडगीतली सळई. सायकल चुलतभावाने कालच ‘जरा नेतो’ म्हणून नेली. ती परत यायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ब्रशांचे केस केव्हाच झडले होते. राहिली सळई. ती न्यायला पोर आईला घेऊन सकाळीच विद्युतदाहिनीच्या मागच्या खिडकीशी उभी होती, हातात रिकामा स्टीलचा डबा.

दाहिनीवाल्याने राखेची पिशवी कट्ट्यावर ठेवली.

“आणि सळई?”

“कसली सळई, ताई?”

“पायातली. काल सांगितलं होतं ना, वेगळी काढून ठेवा म्हणून?”

“हाताने चाळून बघितलं. काही निघालं नाही.”

पोर कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. ‘पुनर्वापर आणि संसाधन व्यवस्थापन’ असं अभ्यासक्रमाचं भारदस्त नाव. बाप घरात त्याला ‘भंगारातली पदवी’ म्हणायचा आणि शेजाऱ्यांपुढे मात्र पूर्ण नाव न अडखळता घ्यायचा. पोरीचा प्रकल्प होता दहनानंतर मागे उरणाऱ्या धातूंवर. माणूस जळतो; त्याच्या अंगातला कृत्रिम सांधा, पट्टी, स्क्रू जळत नाहीत. सरांच्या काचेच्या कपाटात असे नमुने मांडलेले होते. बापाने हे ऐकलं आणि नडगी थोपटून म्हणाला, “मग माझीही सळई ठेव तिथे. मला कोणी कॉलेजात घेतलं नाही, निदान तिला तरी घेतील.” पोर हसली. आई “काहीतरीच बोलायचं!” म्हणत उठून आत गेली.

बाप रंगारी. शिडीवरून पडला तेव्हा पोर मावशीकडे राहून कॉलेजप्रवेशाच्या फेऱ्या करत होती. परत आली तर बाप प्लास्टर मिरवत बसलेला. “आत सळई घातलीय. आता बाप मोडायचा नाही तुझा.” बाप मोडला नाही, पण लंगडू लागला. शिडी सुटली. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, “छताला दुसरा माणूस बघा, दारंखिडक्या माझ्याकडे.” सळई घालूनही पाय असा वाकडा कसा, हे पोरीने कधी विचारलं नाही. पहिल्या नंबराने पास होणाऱ्यांनाही सगळेच प्रश्न पडतात असं नाही.

उलट सळईची खात्री तिने शास्त्रशुद्ध करून घेतली होती. पहिल्याच वर्षी प्रात्यक्षिकाला शिकवलं होतं, भंगार आलं की आधी चुंबक फिरवायचं. पोर चुंबक घरी घेऊन आली आणि पलंग, पातेली, दाराची कडी, सगळ्याला लावत सुटली. शेवटी बापाच्या नडगीला लावलं. चुंबक घसरून खाली पडलं. बापाने पाय पटकन आखडता घेतला. पोरच टाळी वाजवून ओरडली, “बाबा, टायटॅनियम! ते चुंबकाला चिकटत नाही!” बापाने रोखलेला श्वास सोडला. म्हणाला, “मग! भारीतला माल आहे तुझा बाप.” दुसऱ्या दिवशी तिने वर्गात हेच उदाहरण दिलं, आणि सरांनी शाबासकी दिली.

म्हणून आता खिडकीशी ती ऐकून घेईना.

“टायटॅनियम आहे ते. तुमच्या या भट्टीत वितळणं शक्यच नाही. सोळाशे अंशांच्या वर लागतात त्याला!”

“वितळलं असं मी कुठे म्हणतोय?”

“मग गेली कुठे? विकलीत ना? मेलेल्या माणसाच्या अंगातलंही सोडत नाही तुम्ही लोक!”

दाहिनीवाल्याने रागावायला हवं होतं. तो नुसता पिशवी सरळ करत राहिला.

“शोधा परत. माझ्या बाबांनी एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे,” असं म्हणत पोर आईकडे वळली. “आई, तू तरी सांग ना ह्यांना!”

आई बाकावरून उठली. पदराने तोंड पुसलं.

“त्या माणसाला बोलू नकोस. सळई घातलीच नव्हती.”

“म्हणजे?” पोरीने विचारलं.

“डॉक्टर म्हणत होते, सळई घाला, नाहीतर हाड वाकडं जुळेल. त्याच आठवड्यात तुझी फी भरायची होती. सगळ्या वर्षांची एकरकमी भरली तर सूट होती. हे म्हणाले, प्लास्टरच घाला.”

चुंबक टायटॅनियमला चिकटत नाही. नुसत्या हाडालाही चिकटत नाही. हे दुसरं वाक्य शिकवायची कुठल्याच सरांना गरज वाटली नव्हती.

पोरीने डब्याचं झाकण लावलं. चोरीचा आळ फुकटातच दाहिनीवाल्याच्या वाट्याला आला होता. त्याची तिने हात जोडून माफी मागितली. तो म्हणाला, “असू द्या ताई, माणूस गेल्यावर कोणावर तरी ओरडावं लागतंच.” मग तिने राखेची पिशवी उचलून छातीशी धरली. आईचा हात धरून ती रस्त्याकडे निघाली. दोघी सावकाश चालत होत्या, बापाबरोबर चालायची सवय लागलेल्या माणसांसारख्या.

कॉलेजाच्या लेखी तिची फी पहिल्याच दिवशी पूर्ण फिटली होती. बाप ती मरेपर्यंत भरत होता, एकेका पावलाने.