दुप्पट वेगातलं कडवं

“अगं, हा माझा मुलगा गातोय की चिमणी चिवचिवतेय?” आईने विचारलं आणि शूटिंगचं सगळं युनिट हसलं. युनिट म्हणजे माणसं दोनच. एक तिची मुलगी, जिला लहानथोर सगळेच ताई म्हणत, आणि दुसरा ताईच्या वर्गातला काडी. कॅमेरा काडी धरायचा. कॅमेरा त्याच्याहून अंगाने भरलेला होता.

स्पीकरमधून भोंग्याचं गाणं दुप्पट वेगात किंचाळत होतं. भोंगा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. घरात बोलला की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं, म्हणून हे नाव. उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. मागे राहिलं हे एक गाणं, तेही अपुरं. शब्द लिहून ठेवायचं त्याला वावडं होतं. कडवं डोक्यात घोळवायचा आणि पक्कं झालं की थेट रेकॉर्ड करायचा. शेवटच्या कडव्याची नुसती चाल वाजवून ठेवली होती. शब्द डोक्यातच राहिले. ताईचं त्याच्या मित्रांना विचारून झालं, त्याचा मोबाइल उलटापालटा करून झाला. एक ओळ हाती लागली नाही. भाऊ गेला ते गेला, पण गाणंसुद्धा पुरतं ठेवून गेला नाही, हे तिला सलत होतं.

त्यात कॉलेजचे सर. ताई त्या गाण्याचा व्हिडिओ कॉलेजसाठी करणार म्हटल्यावर त्यांनी आधीच नाक मुरडलं होतं.

“विरहाचं गाणं म्हटलं की खिडकी हवी, काचेवर पाऊस हवा, उडते केस हवेत. तू काय दाखवणार? आई इस्त्री करतेय!”

“हो, सर.”

“आणि ओठ कोण हलवणार?”

“आईच.”

“मुलाच्या आवाजावर आईचे ओठ? अगं, लोक हसतील.”

“हसू देत.”

“बरं, शेवटच्या कडव्याला शब्दच नाहीत. तिथे?”

“आई गप्प. नुसती इस्त्री.”

“म्हणजे गाणं जिथे टिपेला पोचायचं, नेमकी तिथेच तुझी पाटी कोरी. अपुरं काम मी पडद्यावर लावत नाही बघ.”

असल्या गाण्यांचा एकच नियम ताईने पाळला होता, स्लो मोशनचा. त्याची युक्ती मोठी गमतीची. गाणं दुप्पट वेगात वाजवायचं, माणसाने त्याच वेगात ओठ हलवायचे आणि नंतर चित्र निम्म्या वेगावर आणायचं. मग ओठ मूळ गाण्याशी बरोबर जुळतात आणि बाकी सगळं, वाफ, कापड, हात, पाण्याखाली असल्यासारखं चालतं. कॅमेऱ्याने आवाज घ्यायचाच नाही. तो चिवचिवाट घेऊन करायचं काय?

तर भर दुपारी, भोंग्याच्या खोलीत, आई त्याच्या निळ्या शर्टावरून इस्त्री फिरवत होती. पहिली कडवी तिने धापा टाकत पार पाडली. मग शेवटच्या कडव्याची नुसती चाल सुरू झाली.

“काकू, लेन्समध्ये बघा,” काडी म्हणाला. “बाजूला काय बघताय?”

बाजूला स्पीकर होता आणि भोंग्याचं रिकामं स्टूल. आई तिकडेच बघत राहिली. काहीतरी पुटपुटतही होती. इस्त्रीचा चटका बसला असेल, ताईला वाटलं. तिने काडीला खुणेनेच थांबू नकोस म्हटलं.

कॉलेजच्या खोलीत चित्र निम्म्या वेगावर आलं तेव्हा काडीने खुर्ची मागे ओढली. शेवटच्या कडव्यात आईचे ओठ हलत होते, आणि ते पुटपुटणं नव्हतं. प्रत्येक हालचाल ठेक्यावर पडत होती. जिथे चाल श्वास घेत होती, तिथे आई श्वास घेत होती. मधेच तिचा डावा हात वर आला. तळवा खाली करून तिने हवा हलकेच दाबली. पुन्हा दाबली.

सर कधी मागे येऊन उभे राहिले, कुणाला कळलं नाही.

“ही हाताची अदा कुणी बसवली?”

“कुणीच नाही, सर.”

“आणि शब्द कोणते आहेत?”

ताईने ओठ वाचायचा प्रयत्न केला. प, ब, म अशा अक्षरांना ओठ मिटतात, तेवढंच कळतं. ते मिटत होते. पुढचं काही कळेना. तिने लॅपटॉप उचलला आणि तडक घर गाठलं.

आई वाळलेले कपडे घडी करत होती.

“आई, शेवटच्या कडव्यात तू काय म्हणत होतीस?”

“त्याचंच गाणं की,” आई म्हणाली. आणि मान वर न करता, साध्या आवाजात तिने ते सांगितलं:

“चपला बाहेर दिसल्या, तर शोधायला नको जाऊ,
मी आतच असेन कुठेतरी, कडी नको लावू.”

ताईने चाल लावली. शब्द तिच्यात असे बसले, जसा पाय स्वतःच्या जुन्या चपलेत बसतो. पडद्यावर ओठ नेमके तिथेच मिटत होते.

“तू घरात ऐकलं असशील. गुणगुणत असेल तो,” ती म्हणाली. “हो ना? कधी शिकवलं त्याने तुला हे?”

“कधी म्हणजे? तेव्हाच. स्टुलावर बसून सांगत होता.” आईने निळा शर्ट घडीवर ठेवला. “मी हाताने खुणावतेय, अरे हळू, हळू सांग. तर मला म्हणतो, मी काय करू, ताईनेच दुप्पट वेगात लावलंय.”