औलीचा उतार

"खांदा आता ठीक आहे. पुन्हा स्कीइंगला जायला हरकत नाही," माझा हात डोक्यावर नेऊन बघत फिजिओथेरपिस्ट म्हणाली, आणि मी तो हात पटकन खाली घेतला.

गेल्या वर्षी, बावन्नाव्या वर्षी, मी उत्तराखंडातल्या औलीहून हा खांदा निखळवून आणला होता. सहा महिने केसांतून फणी फिरवता आली नाही. पण साताऱ्यात माझा भाव वधारला. बर्फाच्या उतारावरून सुसाट येताना पडले, असं मी सगळ्यांना सांगत होते. महिला मंडळाने त्यावर माझं भाषणही ठेवलं. दर खेपेला तो उतार आणखी थोडा उभा होत गेला.

घरी आल्यावर माझी मुलगी केतकी लॅपटॉप उघडत म्हणाली, "मग जानेवारीचं बुकिंग करू?"

"नको गं. एकदा केलं, पुरे झालं." माझा आवाज मलाच खोटा वाटला. "खरं सांगू? मी उतारावर पडलेच नाही. पायांत स्की चढवून सपाटीवर उभी होते. चहावाल्याला हात करायला गेले आणि आडवी झाले."

केतकी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "म्हणजे आई, तू स्कीइंग अजून केलेलंच नाहीस."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्षभर मी ज्याला घाबरत होते, ते मी फूटभरही केलं नव्हतं.

मी तिच्याकडून लॅपटॉप ओढून घेतला. स्कीइंगच्या अर्जात पूर्वानुभवाचा रकाना होता. तिथे 'काही नाही' असं लिहिलं आणि नवशिक्यांच्या तुकडीत नाव घातलं.