घाऊक क्लबाचं कार्ड

व्हर्नानं बरणीतलं बुरशी धरलेलं मेयोनीज खरवडून कचऱ्यात टाकलं. दुसरी बरणी तर अजून फोडायचीच होती. वर्षाची वर्गणी भरणाऱ्यांना स्वस्तात माल देणाऱ्या त्या घाऊक क्लबात सगळं जोडीनंच मिळतं.

“ऑर्विल, यंदा ते कार्ड बंद करू या. दोन म्हाताऱ्या जिवांना कशाला हवा गोदामभर बाजार?”

नवऱ्यानं नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली. “एवढं वर्ष राहू दे गं. मेंबरांना शवपेटी निम्म्या दरात देतात. घरपोच.”

ती बराच वेळ रिकामी बरणीच घासत राहिली.

“भर मग वर्गणी,” ती म्हणाली. “पण तिथं काही सुटं मिळत नाही, ठाऊक आहे ना? जोडीच मागवावी लागेल.”