डोंगरावरचे नाना

"काय नाना, आज तुम्हीच पाहुणे होऊन आलात?" नाववाला हसला आणि त्यानं अण्णाजींना हात देऊन होडीत घेतलं.

अण्णाजींनी मागे वळून पाहिलं. मागे नाना कोणी नव्हता. सहलीच्या बसमधली दहा-बारा माणसं होती, सगळी हिंगणघाटकडची आणि सगळी लाटांना भ्यालेली.

"मी अल्लीपूरचा," ते म्हणाले. "समुद्र आजच पाहून राह्यलो."

"बरं बरं," नाववाला म्हणाला आणि त्यानं वल्हं घेतलं. म्हातारा आपली थट्टा करतोय अशी त्याची खात्री होती.

होडीनं कड्याखालच्या गुहा दाखवल्या. ओहोटी लागल्यावर सगळे काळ्या कातळावरून चालत थेट टोकापर्यंत गेले. बायका किंचाळत होत्या, एकमेकींना धरत होत्या, पाणी खरंच खारट आहे का ते चाखून बघत होत्या. अण्णाजींच्या बायकोनं, लीलाबाईंनी, उन्हासाठी पदर कपाळाखाली ओढला, चपला पिशवीत टाकल्या आणि शेवाळ टाळत त्या सरळ चालत गेल्या. पाणी त्यांनी चाखलं नाही. अण्णाजींना कौतुक वाटलं. ढेकळांतून चालून पाय तयार झालेले, दुसरं काय.

खरं तर लीलाबाईंना यायचंच नव्हतं. गावच्या सदाशिवरावांनी कोकणची सहल काढली आणि अण्णाजींनी घरी न विचारता दोन नावं देऊन टाकली. लीलाबाई तीन दिवस धड बोलल्या नाहीत. वर्षातून एकदा, कापूस वेचून झाला की त्या आठ दिवस तळेगावला बहिणीकडे जात. तेवढाच त्यांचा प्रवास, आणि तेवढा त्यांना पुरत असे. चौथ्या दिवशी त्या "बरं" म्हणाल्या आणि तिळाचे लाडू वळायला बसल्या. इथं आल्यावर मात्र त्यांनाच उत्साह आला. आज पहाटे अण्णाजी उठायच्या आधीच त्या समुद्र पाहून आल्या होत्या.

वाळूत मासे सुकवणारी एक म्हातारी ओरडली, "नाना, तुमचे पाहुणे पायथ्याशी खोळंबलेत."

अण्णाजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "सारे मले ओळखून राह्यले. हे येडे का मी येडा?"

"तुमचं तोंडच तसं हाये," लीलाबाई समुद्राकडे बघत म्हणाल्या. "कोणालेही आपलं वाटते."

दुपारी डोंगर चढायचा होता. वर एक जुना बुरूज होता. डोंगर दाखवणारा माणूस आज खाली उतरलाच नाही म्हणून सदाशिवराव स्वतःच सगळ्यांना घेऊन निघाले. लीलाबाईंनी गुडघ्याचं कारण सांगितलं आणि त्या बसमध्ये जाऊन बसल्या. अण्णाजी पायथ्याच्या टपरीवर थांबले.

टपरीवाल्यानं न विचारता बिनसाखरेचा चहा पुढे केला. मग त्याची नजर अण्णाजींच्या डाव्या हातावर गेली.

"अरेच्चा, तुम्हाला करंगळी आहे की. म्हणजे तुम्ही नाना नव्हे."

"कोण नाना?"

"पाहुण्यांना डोंगर दाखवतात ते. वर बुरुजापाशीच राहतात. हुबेहूब तुमचा चेहरा. बोलणंही तुमच्यासारखंच, मले-तुले. वीसेक वर्षं झाली इथं येऊन. करंगळी कडबा तोडताना गेली म्हणतात."

अण्णाजींनी चहा फळीवर ठेवला. तो कडबा त्यांच्याच गोठ्यासमोर तोडला होता आणि जखमेवर हळद त्यांनीच दाबली होती. किसनराव, त्यांचा थोरला भाऊ. एकोणसाठ साली यशोदा नदीच्या पुरात वाहून गेलेला. काठावर धोतर आणि चपला सापडल्या, देह सापडला नाही. वर्षभरानं घरच्यांनी रीतीप्रमाणे त्याच्या विधवेचा धाकट्या दिराशी पाट लावून दिला. ती विधवा म्हणजे लीलाबाई.

भाऊ जिवंत होता. अण्णाजींना आनंद झाला, खरंच झाला, डोळे भरून आले. आणि लगेच दुसरा विचार आला. भाऊ जिवंत, मग लीला कोणाची? एकोणीस वर्षं तिच्या हातची भाकर खाल्ली होती. तिच्यावाचून घर कसं दिसेल ते त्यांना डोळ्यांपुढे आणवेना.

"नानांले बायको-पोरं हायेत का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"पोरं नाहीत. बायको आहे की. फार जीव आहे दोघांचा."

अण्णाजींनी मोठा श्वास सोडला. म्हणजे त्यानं दुसरा संसार मांडला होता. टपरीमागूनच पायवाट वर जात होती. ते दहा पावलं चढले. ज्यानं आपल्याला वखर धरायला शिकवलं तो माणूस अर्ध्या तासावर होता. मग त्यांनी खाली बसकडे पाहिलं. खिडकीत लीलाबाईंचा पदर दिसत होता. ते परत फिरले. स्वतःची लाज वाटली, तरी फिरले. तिला हे कधीच कळता कामा नये.

"चेहरा काऊन उतरला?" ते शेजारी येऊन बसल्यावर लीलाबाईंनी विचारलं.

"काई नाई वहिनी, ऊन लागलं."

तो शब्द तोंडातून निसटला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. लीलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

मंडळी डोंगरावरून परतली. बस सुरू झाली. अण्णाजींनी पिशवी मांडीवर घेतली तर ती हलकी लागली. लाडू संपलेले दिसत होते, बसमधल्या बायकांना वाटले असतील. एवढ्यात कोकमं विकणारी एक बाई धावत खिडकीशी आली. तिनं एक पुडा लीलाबाईंच्या ओटीत टाकला, अण्णाजींकडे बघितलं आणि तिचा चेहरा खुलला.

"बरं केलंत लीलावहिनी," ती म्हणाली, "दरवर्षी एकट्याच रडत रडत गावी जाता, या खेपेला नानांनाही घेऊन चाललात."