सपाट वाट

आमच्या अ‍ॅलेघेनीच्या डोंगरांतली रेल्वे बंद पडली, रूळ उखडून नेले, आणि आता त्याच वाटेवरून मी पाहुण्यांना चार दिवसांच्या सायकल सहलीला नेते. वाटेचा उतार इतका हलका की डोळ्यांना ती सपाटच दिसते. सहल आम्ही कायम वरून खालीच काढतो, पण हे पाहुण्यांना सांगत नाही. स्वतःवर खूश झालेला माणूस पुढच्या वर्षी परत येतो.

यंदाच्या सहलीतला वेंडेल तर पहिल्याच दिवशी फुगला. "बघ डार्ला, अडुसष्टाव्या वर्षी धाप म्हणून नाही!" असं मला ऐकवायचा. आणि नदी बघत, ब्रेक दाबत येणाऱ्या बायकोला म्हणायचा, "लोर्ना, तुझ्यात दमच नाही. सामानाच्या व्हॅनमध्ये बस जा, उगाच सगळ्यांना रखडवतेस."

शेवटच्या दिवशी तो जेवणाच्या थांब्यावर गॉगल विसरला. "हा गेलो आणि हा आलो!" म्हणत आल्या वाटेने उलटा निघाला. लोर्ना नुसती हसली आणि सावकाश त्याच्या मागे गेली.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला.


"कसली भंगार सायकल दिलीस मला? ब्रेक चिकटलेत, पुढेच जाईना! आणि लोर्नाला गुपचूप मोटरवाली दिलीस ना? आत्ताच मला मागे टाकून गेली!"