सांत्वनाला आलेले साहेब

घटसर्पाने लेक जाऊन आठवडाही झाला नव्हता, तोच निवडणुकीतले उमेदवार द्वारकेच्या घरी सांत्वनाला आले.

"सरकारनं लस वेळेत पोचवली असती, तर पोर वाचली असती," ते म्हणाले. "आपण जाब विचारू, ताई."

द्वारकेच्या अंगाची लाही लाही झाली, पण तिने आवाज चढू दिला नाही.

"लस आली होती, साहेब. नर्सबाई दारात उभ्या होत्या. पण लसीत विष आहे, ती तपासणारे अधिकारी विकले गेलेत, असं तुम्ही सभेत सांगितलंत. ते ऐकून मालकांनी बाईंना हाकलून दिलं."

भिंतीला टेकलेल्या नवऱ्याने तोंड झाकून घेतलं. साहेब उठू लागले, तशी द्वारका दारात आडवी उभी राहिली.

"उद्याच्या सभेला मी येते. हे तिथं तुम्ही सांगता, की मी सांगू?"