दीपस्तंभाचा गिलावा

तलावाच्या मधोमध उभा निजामकाळचा दीपस्तंभ म्हणजे जिल्ह्याची शान. त्या तलावात डागडुजीवाल्यांच्या होडीआधी एकही नाव मात्र कधी आली नव्हती.

पोकळ झालेला गिलावा शोधायला पिराजी गवंड्यानं होडीतूनच हातोडीनं भिंतीवर हलकेच ठोकलं. आतून तसाच ठोका आला.

"मामा, कुरवाळताव व्हय? जोरात हाणा की!" बांबूच्या परांचीवरून जावई अमरदीप हसला.

पिराजीनं हाणलं. आतून दुप्पट जोरात आलं.

त्यानं हातोडी खाली ठेवली. ठोके थांबेनात. गिलावा फुटून उडाला, परांची कडाकडा मोडू लागली.

"पाव्हणं, उतरा! आधी खाली उतरा!"

भिंतीतला दगड उसळून अमरदीपच्या तोंडावर बसला. जबडा फुटून तो पाण्यात पडला. पिराजीनं त्याला रक्तबंबाळ अवस्थेत होडीत ओढलं आणि वर भगदाडाकडं बघितलं. ठोके चालूच होते.

स्तंभ आतून भरीव होता.